दर्शनी भाग आणि विश्वास

वेबसाइट उघडणारा माणूस ती वाचण्याच्या आधीच तिच्याविषयी मत बनवून मोकळा होतो. ही केवळ आपल्या अनुभवाची गोष्ट नाही, ती मोजून पाहिलेली आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वेबसाइटची पाने सेकंदाच्या विसाव्या भागापुरतीच दाखवली. तेवढ्यात लोकांनी पान आवडले की नाही ते सांगितले, आणि तीच पाने दसपट वेळ दाखवल्यावरही त्यांचे मत फारसे हलले नाही. त्याआधी २००२ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बी. जे. फॉग यांच्या गटाने २,६८४ सामान्य माणसांना दहा विषयांवरच्या शंभर वेबसाइट दाखवून, कोणती विश्वासाची वाटते आणि का, ते लिहायला सांगितले होते. ४६.१ टक्के अभिप्रायांत पानाच्या दिसण्याचा उल्लेख होता. मजकुराच्या मांडणीचा उल्लेख २८.५ टक्के अभिप्रायांत होता. बाकीची कारणे त्यानंतरची.

हे आकडे वाचून विचारी माणसाला वाईट वाटण्याचा संभव आहे. म्हणजे लोक वरवरच्या रंगाला भुलतात तर! माझे मत निराळे आहे. ज्याच्याजवळ पडताळून पाहण्याचे साधन नाही, तो जे दिसते त्यावरूनच अंदाज बांधणार. कागदावर गोल शिक्का आहे का, नाव नीट छापले आहे का, सही आहे का, हे पाहूनच आपल्या आईबापांनी कचेरीतून आणलेले दाखले पेटीत जपून ठेवले. त्यांना भोळे म्हणण्यात अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या अभ्यासाबरोबरच आरोग्य आणि अर्थव्यवहार या क्षेत्रांतील जाणकारांचाही वेगळा अभ्यास झाला होता. त्यात जाणकारांनी दिसण्याला कमी महत्त्व दिले आणि माहिती कोणाकडून येते याला अधिक. त्यांच्याजवळ पारखण्याचे साधन होते. सामान्य माणसाजवळ डोळे होते.

येथे दुसरीही एक बाजू लक्षात घेतली पाहिजे. ज्या संस्थेचे नाव तीन-चार पिढ्यांपासून वर्तमानपत्रांत छापून येत आहे, तिची वेबसाइट कितीही गबाळी असली तरी लोक ती चालवून घेतात. नावाची पत आधीच जमा असते. परंतु वस्तीतले ग्रंथालय, तालुक्याच्या गावचे वसतिगृह, कामगारांची पतपेढी, शे-पाचशे वर्गणीदारांच्या बळावर चालणारे त्रैमासिक, यांच्या खात्यावर अशी पत नसते. त्यांच्याकडे पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न 'हे काय करतात' हा नसून 'हे खरे आहेत का' हा असतो. म्हणून वेबसाइट नीटनेटकी करणे ही पैसेवाल्यांची हौस आहे असे जे आपल्याकडे मानले जाते, ते मला मान्य नाही. ज्याला नाव नाही त्यालाच तिची अधिक गरज आहे.

अर्थात देखणे रूप हा खरेपणाचा पुरावा नव्हे. शिष्यवृत्तीच्या हंगामात हे फार बोचते. शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या शासकीय वेबसाइटवर भरायचे असतात आणि तिचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनी संपतो. पण राजमुद्रेसारखे चित्र, तिरंगी पट्टी आणि हसऱ्या मुलीचा फोटो लावून कोणीही तसेच पान उभे करू शकतो. तयार साचे अगदी स्वस्तात मिळतात. भामट्याचा दर्शनी भाग कित्येकदा खऱ्या संस्थेपेक्षा चकचकीत असतो, कारण त्याला दुसरे काही कामच नसते. त्याच्या पानावर 'नोंदणी शुल्क' भरून बसलेला मुलगा पुढच्या वेळी खऱ्या संस्थेचे पान उघडतो, तेथे अक्षरे तुटलेली आणि बातम्या पाच वर्षांपूर्वीच्या दिसतात, आणि तो ते खोटे समजून बंद करतो. नुकसान दोन्हीकडून होते. यातून वेबसाइट करणाराने काय घ्यावे? दर्शनी भाग असा करावा की त्यावरची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट पाहणाऱ्याला स्वतः पडताळता यावी, आणि ती त्याला शोधावी लागू नये. भामटा रंगाची नक्कल करील. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीची, वास्तूच्या पत्त्याची आणि विचारल्यावर उत्तर देणाऱ्या फोनची नक्कल करणे त्याला जड जाते.

मी मूळचा छपाईच्या धंद्यातला. आधी स्क्रीन प्रिंटिंग, मग डीटीपी, आणि गेली काही वर्षे संस्थांच्या वेबसाइट. एका तालुक्याच्या गावी मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेने मला बोलावले, ते एका फोनमुळे. पुण्यातील एका कारखान्यात कारकुनी करणाऱ्या बाईंना एका मुलाच्या वर्षभराच्या जेवणाचा खर्च द्यायचा होता. त्यांनी वेबसाइट उघडली, बंद केली, दुसरीकडून नंबर मिळवला आणि विचारले, "राग मानू नका, पण ही संस्था खरी आहे ना?" बाई चिकट होत्या म्हणून फोन आला. न विचारता निघून गेलेल्यांची नोंद कोठून मिळणार?

बैठकीत संस्थेचे सचिव, जे गावात गुरुजी म्हणूनच ओळखले जातात, मला म्हणाले, "अरे बाबा, आमचं काम बोलतं. चाळीस पोरं जेवतात इथं. त्याला रंगरंगोटी कशाला?"

मी म्हटले, "गुरुजी, काम वसतिगृहात बोलतं. पुण्यात बसलेल्या ताईंना ते ऐकू येत नाही. त्यांच्यापुढं फक्त मोबाइलचा पडदा आहे."

त्या पडद्यावर काय होते ते सांगतो, कारण अशी पाने आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. वरती डावीकडून उजवीकडे धावणारी लाल अक्षरे. खाली 'आपण इतक्यावे पाहुणे' असे सांगणारा आकडा. अध्यक्षांचा फोटो इमारतीपेक्षा मोठा. मुलांच्या फोटोच्या जागी कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाच्या हिरवळीवर बसलेले तरुण. तीन पानांवर 'लवकरच येत आहे'. शेवटची बातमी २०१९ सालच्या ध्वजवंदनाची. संपर्कासाठी दिलेला मोबाइल नंबर नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचा. आणि देणगीच्या पानावर बँकेचे खाते, पण ते कोणाच्या नावावर आहे याचा उल्लेख नाही. यातले काहीही लबाडीचे नव्हते. सगळे मिळून लबाडीचे दिसत होते.

आम्ही वरून सुरुवात केली. पहिल्या पडद्यावर संस्थेचे पूर्ण नाव, गाव आणि जिल्हा, स्थापनेचे वर्ष, आणि एका वाक्यात काम : येथे किती मुले राहतात, कोणत्या इयत्तेची, आणि त्यांच्याकडून किती पैसे घेतले जातात. पूर्वी त्या जागी ज्ञानाच्या दिव्याविषयीचे चार ओळींचे वाक्य होते. ते काढताना गुरुजी थोडे नाराज झाले. पण पाहुणा दारात उभा असताना आधी आपण कोण ते सांगावे, भाषण मागाहून करावे.

फोटोंचा प्रश्न अवघड होता. परदेशी तरुणांना रजा दिली आणि वसतिगृहाचीच छायाचित्रे काढली. पोपडे आलेली भिंत, लोखंडी खाटा, भाकरी थापणाऱ्या मावशी, दारावरची पाटी. पाटी मुद्दाम, कारण तिच्यावर तेच नाव आणि तोच पत्ता आहे. एका विश्वस्तांचे म्हणणे पडले की मुलांचे केविलवाणे चेहरे लावले तर देणगी वाढेल. मी त्याला विरोध केला आणि तो विरोध केवळ सौंदर्यदृष्टीचा नव्हता. मदत मागण्यासाठी मुलाचा दीनवाणा चेहरा जगासमोर कायमचा टांगून ठेवण्याचा अधिकार संस्थेला कोणी दिला? तो मुलगा उद्या वकील होईल, तेव्हाही ते चित्र कोठे ना कोठे राहील. शेवटी मुले अभ्यास करताना, पाठमोरी, असे दोन फोटो घेतले. मावशींना विचारून त्यांचा घेतला. माझ्या अनुभवात पोपडे आलेली खरी भिंत विकतच्या हिरवळीपेक्षा अधिक विश्वास देते.

आता अक्षरांविषयी, कारण मराठी वेबसाइट बिघडते ती बहुधा येथेच. देवनागरीला वरती मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालती उकार, ऋकार असतात. रोमन लिपीसाठी बेतलेल्या साच्यात ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर जाऊन आदळतो. म्हणून दोन ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट, शक्यतो पावणेदोनपट ठेवावे. मोबाइलवर मजकुराचे अक्षर १८ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नये असा माझा प्रघात आहे. मथळा रुबाबदार दिसावा म्हणून इंग्रजी साच्यांत अक्षरे एकमेकांपासून लांब करतात. तोच नियम मराठीला लावला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. असा मथळा वाचणाऱ्याला काय बिघडले ते सांगता येत नाही, पण पान परक्याने बनवले आहे हे त्याला जाणवते. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवण्याची छापील पुस्तकाची सवयही मोबाइलच्या अरुंद पडद्यावर सोडून द्यावी. शब्दांमध्ये विहिरी पडतात.

जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर तसाच उचलून टाकला तर ज्याच्या यंत्रात तो फॉन्ट नाही त्याला नुसती भेंडोळी दिसतात, आणि शोधयंत्रालाही तो वाचता येत नाही. या अडचणीला वळसा म्हणून कित्येक संस्था मजकुराचा फोटो काढून लावतात. ते तर आंधळ्या माणसाच्या वाचकयंत्राला पूर्ण मुके असते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालापासून आहे, तेव्हा आता सबब उरलेली नाही. फॉन्टही फुकट आणि चांगले मिळतात. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्त हा मजकुराला उत्तम आहे. तिरो देवनागरी मराठी हा खास मराठी वळणाचा आहे. मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीहून निराळे आहे आणि पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणच आधी दाखवतात. काहींत दोन्ही असतात. पानाच्या आतल्या खुणेत भाषा मराठी आहे असे लिहिले, तर अशा फॉन्टमधून ब्राउझर मराठी वळण निवडतो. एका शब्दाचे काम आहे, पण नव्वद टक्के कारागीर ते करत नाहीत, निदान मी पाहिलेले तरी. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द टाकून र नीट जुळतो का तेही पाहून घ्यावे. आणि सबंध वेबसाइटला एकच फॉन्ट, फार तर त्याचे दोन जाडपणे. पाच फॉन्ट लावले की लग्नपत्रिका होते.

शुद्धलेखनाचा विषय आपल्या वाचकांपुढे मांडताना जपून बोलले पाहिजे, कारण 'शुद्ध' या शब्दाने आपल्याला पुष्कळ दूर लोटले आहे. मी पुस्तकी मराठीचा आग्रह धरत नाही. वसतिगृहातील मुलांनी आपल्या बोलीत लिहिलेली पत्रे आम्ही एक काना न बदलता लावली. बोली ही चूक नव्हे. संस्थेचे नाव एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, ही चूक. प्रवेशाची तारीख दोन ठिकाणी दोन, ही चूक. आणि सर्वांत घातक म्हणजे यंत्राकडून उलथवून घेतलेली मराठी. 'अधिक वाचा'च्या जागी 'अधिक शिका', 'पाठवा'च्या जागी 'सादर करणे' असे बटणांवर दिसले की वाचणाऱ्याला कळते की येथे माणूस बसलेला नाही. भामट्यांच्या पानांवर हीच मराठी असते. तेव्हा खऱ्या संस्थेने ती वापरणे म्हणजे त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहणे होय.

रंगाविषयी थोडक्यात. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत मजकूर आणि त्यामागची जमीन यांच्या उजेडात किमान साडेचारास एक असे प्रमाण सांगितले आहे, मोठ्या अक्षरांना तीनास एक. ते मोजण्याची साधने फुकट आहेत. हल्ली पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची फॅशन आहे. एस. टी. स्टँडवर उन्हात मोबाइल धरून ती वाचून पाहावीत. आम्ही काळसर मजकूर, पांढरी जमीन आणि बटणांना एकच गडद हिरवा रंग एवढेच ठेवले. पानाचे वजनही पाहावे. कॅमेऱ्यातला सहा एमबीचा फोटो तसाच चढवला तर खेड्यातल्या नेटवर तो उघडेपर्यंत माणूस निघून जातो. दोनशे केबीत तोच फोटो पुरेसा चांगला दिसतो.

पैशाच्या पानाला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. खाते संस्थेच्या नावावर आहे हे ठळक लिहिले, आणि यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर कोणते नाव दिसेल ते अक्षर न अक्षर तसेच छापले. ते नाव दिसले नाही तर पैसे पाठवू नका, असेही लिहिले. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, आयकर सवलतीच्या मान्यतेचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. गुरुजींना शंका होती की तूट दिसली तर लोक काय म्हणतील. मला वाटते, तूट दाखवणारा हिशेब लोकांना समजतो, न दाखवलेला हिशेबच त्यांना खटकतो. पॅन क्रमांक मागितला तेथे तो पावतीसाठी का लागतो ते एका ओळीत सांगितले. आधार क्रमांक मागितलाच नाही, कारण त्याची गरज नव्हती. 'आजच द्या, फक्त दोन तास उरले' असली उलटी मोजणी लावू दिली नाही. खोटी घाई लावणे यासह तेरा प्रकारच्या फसव्या मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या मुख्यतः बाजारासाठी आहेत, पण संस्थेने बाजारापेक्षा खालच्या पातळीवर का उतरावे?

राहिला पत्ता आणि कुलूप. ब्राउझरच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचा इतिहास बोधप्रद आहे. पाहणारा आणि वेबसाइट यांच्यामधील संवाद वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून जी सोय आहे, तिची ती खूण. पूर्वी त्यासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागत. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने ते प्रमाणपत्र सर्वांना फुकट देण्यास सुरुवात केली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ही सोय नसलेल्या प्रत्येक पानावर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला. पण फुकट म्हणजे भामट्यांनाही फुकट. लोक कुलूप पाहून वेबसाइट प्रामाणिक आहे असे समजू लागले, वास्तविक कुलूप एवढेच सांगत होते की वाट बंदिस्त आहे, वाटेच्या टोकाला कोण बसला आहे ते नाही. अखेर २०२३ साली क्रोमने कुलपाचे चित्रच काढून टाकले. म्हणून आता पत्ता वाचायला शिकणे आणि शिकवणे भाग आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना 'बँक डॉट इन' या शेवटाचा पत्ता घेण्यास सांगितले ते याच कारणासाठी. तो शेवट बँकेखेरीज कोणाला मिळत नाही. छोट्या संस्थेला असा राखीव शेवट नाही, पण स्वतःच्या नावाचा पत्ता घेता येतो, देवनागरीत हवा असेल तर 'डॉट भारत' २०१४ पासून आहे. आम्ही वसतिगृहाचा पत्ता छोटा, उच्चारता येणारा ठेवला आणि तोच पावतीपुस्तकावर, पाटीवर आणि मुलांच्या प्रवेश-अर्जावर छापला, म्हणजे कागद आणि पडदा एकमेकांची साक्ष देतील. पानाच्या तळाशी फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा राष्ट्रीय क्रमांकही दिला, आणि संस्थेच्या नावाने दुसरे कोणी पैसे मागत असेल तर आधी फोन करा अशी सूचना दिली.

पत्त्याबाबत एक व्यावहारिक गोष्ट फार संस्थांना माहीत नसते. वेबसाइटचा पत्ता कायमचा विकत मिळत नाही, तो मुदतीने घ्यावा लागतो. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत तर काही काळाने तो कोणालाही घेता येतो, आणि जुन्या संस्थांचे असे सुटलेले पत्ते जुगाराच्या जाहिरातींसाठी उचलले जातात. म्हणजे तुमच्या छापील पावत्यांवरचा पत्ता उघडला की समोर पत्त्यांचा डाव! यात कारागिराचाही हात असतो. पुष्कळ जण गिऱ्हाइकाचा पत्ता स्वतःच्या नावावर घेऊन ठेवतात आणि संस्था त्यांच्या खुंटीला बांधली जाते. वसतिगृहाचा पत्ता संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवला आहे. नूतनीकरणाची तारीख गुरुजींनी इतिवृत्ताच्या वहीत हिशेबनिसाच्या नेमणुकीच्या ठरावाखाली स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बातम्यांचे पान पाहण्याचे काम अकरावीतल्या दोन मुलांकडे सोपवले आहे.